पहिल्या रात्री झोप लागली पाहिजे: कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कात पहिला कॅम्प

आमचा पहिला कॅम्प जुलैमधला, समुद्रकाठचा. दुपारी सॅन होजेत अंगाची लाही होत होती, त्यामुळे गाडीत टाकल्या त्या दोन सोलापुरी चादरी आणि मुलांच्या उश्या. रात्री दोन वाजता दोन्ही मुलं कुडकुडत उठली. उरलेली रात्र आम्ही चौघांनी गाडीत बसून काढली आणि उजाडताच घरी परतलो. पुढं दोन वर्षं कॅम्पिंगचं नाव काढलं नाही. ज्या मित्रांनी एकदाच जाऊन सोडून दिलं, त्यांना विचारलं तर बहुतेकांची गोष्ट अशीच निघते: ती रात्र वाईट गेली.

म्हणून इथं सगळं नियोजन रात्रीपासून उलटं केलं आहे. पहिल्या रात्री नीट झोप लागली की माणसं पुन्हा जातात. पार्क कुठलं, साइट (म्हणजे टेंट लावायची नंबर दिलेली जागा) कुठली, पोहोचायचं किती वाजता, जेवायला काय, हे सगळं त्या एका गोष्टीसाठी ठरवा. मी बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातून लिहितो आहे, त्यामुळे उदाहरणं कॅलिफोर्नियाची आहेत. दुसऱ्या राज्यात असाल तर बुकिंगचे नियम तिथले बघा, बाकीचं बरंचसं लागू पडेल.

आधी हा घोळ मिटवा

नवीन आलेल्यांचा पहिला गोंधळ इथंच होतो. योसेमिटी, सेक्वोया ही नॅशनल पार्क्स, म्हणजे केंद्र सरकारची. त्यांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर होतं. स्टेट पार्क्स राज्याची, त्यांचं बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्नियावर. नॅशनल पार्कचा वार्षिक पास स्टेट पार्कात चालत नाही. शिवाय काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची पार्क्स असतात, त्यांचा कारभार तिसराच. योसेमिटीत जागा मिळाली नाही म्हणून हिरमुसून बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरापासून तासाभरावर रेडवुड या उंच झाडांच्या सावलीतलं कॅम्पग्राउंड असतं. राज्यात स्टेट पार्क खात्याच्या ताब्यात २८० च्या आसपास जागा आहेत: डोंगर, किनारे, तळी, वाळवंट, जुने किल्लेसुद्धा.

पार्क निवडताना

पहिल्या वेळी दोन तासांच्या आतलं पार्क घ्या आणि एकच रात्र राहा. कमी वाटेल, वाटू द्या. मुलाला ताप आला, टेंटचा खांब मोडला, कुणाला झोपच येईना, तर रात्री अकरालाही घरी परतता आलं पाहिजे. एवढी मोकळीक असली की बरोबरची मोठी माणसंही निश्चिंत असतात.

बे एरियातल्यांना मी पहिल्यांदा हेन्री कॉवेल रेडवुड्स सुचवतो. सांताक्रूझजवळ आहे, जुन्या रेडवुडच्या राईतली फेरी जेमतेम पाऊण मैलाची आणि सपाट, आजी-आजोबांनाही जमणारी. एक लक्षात ठेवा: त्या राईचं प्रवेशद्वार फेल्टनला आहे आणि कॅम्पग्राउंडचा रस्ता वेगळा, ग्रॅहॅम हिल रोडवरून. पहिल्यांदा जाणारे हमखास चुकतात. उत्तरेकडच्यांना मरीनमधलं सॅम्युएल पी. टेलर सोयीचं. समुद्र हवा असेल तर कॅपिटोलाचं न्यू ब्रायटन किंवा वॉटसनव्हिलजवळचं सनसेट. सॅन डिएगोकडच्यांना पॅलोमार माउंटन.

माउंट डायब्लो वसंतात फार सुरेख, पण उन्हाळ्यात भाजून काढतं. बिग बेसिन १९०२ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव असतं. पण ऑगस्ट २०२० च्या वणव्यात ते जवळजवळ सगळं होरपळलं. आता तिथं दिवसा जाता येतं, आणि जळालेल्या खोडांना फुटलेली हिरवी पालवी बघायला जायलाच हवं, पण जुनं कॅम्पग्राउंड मनात धरून बेत आखू नका. कुठलंही पार्क असो, बुकिंगआधी त्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन काय बंद आहे ते वाचा. वादळानं रस्ता तुटलेला असतो, काही कॅम्पग्राउंड हिवाळ्यात बंदच असतात.

बुकिंग: सहा महिने आधी, सकाळी आठला

बहुतेक साइट्सचं बुकिंग बरोबर सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी आठला खुलं होतं. १७ जुलैला मुक्कामी पोहोचायचं असेल तर १७ जानेवारीला आठ वाजता संगणकासमोर बसलेलं असायला हवं. खातं आदल्या दिवशीच उघडा, कार्डाची माहिती भरून ठेवा, तीन-चार साइट नंबर कागदावर लिहून ठेवा. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या चांगल्या साइट्स काही मिनिटांत जातात.

ते जमलं नाही तर दोन वाटा उरतात. रविवार ते गुरुवार बघा, शाळेच्या सुट्टीत हे सहज जमतं. नाहीतर रद्द झालेल्या जागांवर डोळा ठेवा. मुक्कामाच्या आधीचे आठ-दहा दिवस लोकांचे बेत बदलत असतात. आमच्या निम्म्या सहली अशा मिळालेल्या जागांवर झाल्या आहेत.

साध्या साइटचं भाडं रात्रीला ३५ डॉलरच्या आसपास असतं, किनाऱ्यावर जास्त, वर बुकिंगची थोडी फी. दुसऱ्या गाडीचे पैसे सहसा वेगळे. आणि बहुतेक ठिकाणी एका साइटवर जास्तीत जास्त आठ माणसं, लहान मुलं धरून. आपल्याकडे एकानं बुकिंग केलं की चार कुटुंबं निघतात. तसं करू नका. शेजारशेजारच्या दोन-तीन साइट्स घ्या किंवा सरळ ग्रुप साइट घ्या. माणसं मोजून परत पाठवली तर सगळ्यांचा दिवस जातो, आणि शेजारच्या साइटवरच्या माणसानं तुमची गर्दी का सोसावी?

साइट निवडताना नकाशावर तीन गोष्टी पाहा. टॉयलेट चालत मिनिट-दोन मिनिटांवर हवं. त्याला लागून असलेली साइट घेऊ नका, रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो. रस्त्याच्या वळणावरची साइट टाळा, उशिरा येणाऱ्या गाड्यांचे दिवे थेट टेंटवर पडतात. आणि साइटचा फोटो असेल तर सपाट जागा आहे का ते बघा. उतारावर झोपलेलं कुटुंब सकाळी एका कोपऱ्यात गोळा झालेलं सापडतं.

अंथरूण-पांघरूण

पैसे खर्च करायचे असतील तर इथं करा. टेंट स्वस्तातला चालेल, खुर्च्या मागून आणा, कंदील घरातला चालेल.

किनाऱ्यावर आणि सांताक्रूझच्या डोंगरात ऐन जुलैतही रात्री पारा १० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे ५० फॅरनहाइटपर्यंत उतरतो. शिवाय समुद्रावरून धुकं येतं. स्लीपिंग बॅगवर जो आकडा लिहिलेला असतो, तो सुखाच्या झोपेचा समजू नका, त्यात तगून राहता येतं एवढाच त्याचा अर्थ धरा. ५० ची रात्र असेल तर ३० किंवा ३५ लिहिलेली बॅग घ्या.

बॅगेपेक्षाही महत्त्वाचं असतं खालचं अंथरूण. थंडी वरून जितकी येते त्याहून जास्त जमिनीतून येते, कारण अंगाखाली बॅगेतला भराव दबून जातो आणि त्याची ऊब जाते. घरी पाहुण्यांसाठी असलेली फुगवायची गादी थंडीत बर्फासारखी होते, आतली हवाच गार पडते. ती न्यायचीच असेल तर तिच्यावर जाड गोधडी अंथरा. नाहीतर फोमची किंवा स्वतः फुगणारी कॅम्पिंग मॅट घ्या. काही दुकानांतून हे सगळं भाड्यानं मिळतं. पहिल्या खेपेला तेच करा, किंवा ओळखीत विचारा. प्रत्येक गृहसंकुलात एका तरी गॅरेजमध्ये चार मॅट पडून असतात.

टेंटवर लिहिलेली माणसं म्हणजे डबीत काड्या रचाव्यात तशी झोपलेली माणसं. चौघांच्या कुटुंबानं सहाचा टेंट घ्यावा. खाली घालायची ताडपत्री टेंटच्या कडांबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर तिच्यावर पडलेलं पाणी सरळ टेंटखाली जातं. आणि पावसाचं चिन्ह नसलं तरी वरचं आवरण चढवाच. रेडवुडच्या फांद्या धुक्यातलं पाणी धरतात आणि रात्रभर टपटप गाळत राहतात. कोरड्या उन्हाळ्यात ही झाडं त्यातलं बरंचसं पाणी पितात, म्हणून ती याच धुक्याच्या पट्ट्यात वाढली आहेत. त्या पाण्यानं तुमची बॅग मात्र भिजायला नको.

झोपायच्या आधी दिवसभराचे कपडे उतरवून पूर्ण कोरडे कपडे आणि कोरडे मोजे घाला. घामानं दमटलेला टीशर्ट सगळी ऊब खातो. डोक्यावर कानटोपी. भारतातून आलेल्या बाबांची माकडटोपी इथं सोन्यासारखी. शेकायची रबरी पिशवी गरम पाणी भरून पायाशी ठेवा. आणि सगळ्यांना, मोठ्यांनासुद्धा, झोपण्याआधी टॉयलेटला पाठवा.

आदल्या आठवड्यात टेंट एकदा घरामागे किंवा जवळच्या बागेत लावून बघा. पहिल्यांदा पाऊण तास लागतो, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं. तो पाऊण तास अंधारात खर्च होऊ नये.

जेवण: थोडं घरून, थोडं तिथं

पहिल्या रात्रीचं जेवण घरूनच करून न्या. मसालेभात गोठवून नेला की दिवसभर तोच बर्फाचं काम करतो आणि संध्याकाळी फक्त गरम करायचा असतो. पाण्याच्या बाटल्याही गोठवून न्या, सुट्टा बर्फ वितळून सगळं ओलं करतो. सकाळसाठी रवा घरीच तुपावर भाजून, फोडणी घालून, मीठ-साखर मिसळून डब्यात भरा. तिथं उकळतं पाणी ओतलं की दहा मिनिटांत उपमा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेतकूट. आलं किसून छोट्या डबीत, कारण थंडीत पहाटेचा चहा आल्याशिवाय फिका.

दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी पुरते. तिला लागणारी एक पौंडाची हिरवी टाकी दोन-तीन जेवणांना पुरते, तरी एक जास्तीची ठेवा. फेकून द्यायच्या या टाक्यांची विक्री कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२८ पासून कायद्यानं बंद होते आहे, तेव्हा नव्यानं घेणाऱ्यांनी पुन्हा भरता येणारी टाकीच घेतलेली बरी.

शेकोटीला परवानगी असेल तर निखाऱ्यावर कणसं भाजा आणि वांगं. वांग्याला तेलाचं बोट लावा, चिरा पाडा, फॉइलशिवाय थेट निखाऱ्यात घाला. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो वास कधीच येत नाही. घरून कांदा-कोथिंबीर-मिरची चिरून नेली असेल तर पाच मिनिटांत भरीत तयार. आमच्या घरात आता कॅम्पिंग म्हटलं की मुलं आधी वांगी गाडीत ठेवली का ते विचारतात.

चिवडा आणि एक समुद्रपक्षी

इथं थोडं थांबतो, कारण मला हे सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

सांताक्रूझच्या डोंगरातल्या पार्कांत तुम्हाला जागोजागी सूचना दिसेल: एक कणही सांडू नका. अस्वलांमुळे असेल असं वाटतं, पण त्या डोंगरात सहसा अस्वलं नसतात. हे चाललं आहे मार्बल्ड म्युरेलेट नावाच्या एका लहानशा समुद्रपक्ष्यासाठी. तो दिवसभर समुद्रात मासे पकडतो आणि अंडं घालायला किनाऱ्यापासून कित्येक मैल आत, शेकडो वर्षं जुन्या झाडांच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर येतो. घरटं बांधत नाही. एकच अंडं. हा पक्षी नेमका कुठं अंडं घालतो हे पक्षीशास्त्रज्ञांना फार काळ कळलंच नव्हतं. १९७४ साली बिग बेसिनमध्ये छाटणीसाठी उंच झाडावर चढलेल्या एका कामगाराला त्याचं पिल्लू सापडलं, तेव्हा उलगडा झाला. आज हा पक्षी कॅलिफोर्नियाच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

कणांचा संबंध असा. सांडलेल्या खाण्यावर स्टेलर्स जे हा निळा-काळा, शेंडीवाला पक्षी आणि डोमकावळे जमतात. कॅम्पग्राउंडमध्ये आयतं मिळत राहिलं की त्यांची संख्या वाढते, आणि मग ते आसपासच्या झाडांवरची म्युरेलेटची अंडी आणि पिल्लं खातात.

आता आपल्या प्रवासातल्या खाऊचा विचार करा. चिवडा, शेव, फरसाण, लाह्या, खाऱ्या शंकरपाळ्या. मुलं हातात घेऊन धावतात आणि प्रत्येक पावलागणिक पोहे सांडतात. चिवडा न्यायचाच असेल तर टेबलाशी बसून, काठाच्या ताटलीत, चमच्यानं. खाल्ल्यावर टेबलाखाली विजेरी मारून बघा. निघताना मुलांना खेळ लावून द्या, जो जास्त कण वेचेल त्याला खिडकीजवळच्या सीटचा मान. आमची मुलं हे पाचव्या-सहाव्या वर्षापासून आवडीनं करतात, कारण त्यांना कशासाठी ते सांगितलं आहे.

सिएरा नेवाडा या डोंगररांगेच्या बाजूला, कॅलाव्हेरास बिग ट्रीजसारख्या पार्कात, अस्वलं खरोखर आहेत. तिथं प्रत्येक साइटवर लोखंडी पेटी असते. वास येणारी प्रत्येक वस्तू तिच्यात जाते: खाणं तर झालंच, शिवाय टूथपेस्ट, क्रीम, खोबरेल तेल, उदबत्तीचा पुडा, बाळाचं दूध. टेंटमध्ये बिस्किटसुद्धा नको, आणि गाडीही सुरक्षित धरू नका. वासावर आलेलं अस्वल गाडीचं दार उचकटतं, आणि माणसांच्या अन्नाला चटावलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं.

पोहोचल्यावरचा क्रम

साइट साधारणपणे दुपारी दोनला ताब्यात मिळते. चारच्या आत पोहोचा. वाटेतल्या डोंगरी रस्त्यांवर आणि दाट झाडीच्या पार्कांत फोनला रेंज नसते, तेव्हा बुकिंगची पावती, नकाशा आणि पार्काचा नंबर घरीच उतरवून घ्या.

उतरल्या उतरल्या टेंट लावा, अंथरुणं घाला, मग चहा. उलट क्रमानं केलं की चहा-गप्पांत सूर्य बुडतो. एक मोठी बॅग फक्त रात्रीची ठेवा: विजेऱ्या, मोजे, टोप्या, औषधं. ती टेंटच्या दाराशी. प्रत्येक माणशी एक विजेरी, डोक्याला बांधायची असेल तर उत्तम, म्हणजे टॉयलेटला जाताना हात मोकळे राहतात. अंघोळीचं गरम पाणी बऱ्याच ठिकाणी नाणी टाकून मिळतं, म्हणून क्वार्टर्सची पुरचुंडी न्या. भांडी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली घासू नका, टबात पाणी नेऊन घासा.

झुडपांत शिरण्याआधी मुलांना पॉयझन ओक ओळखायला शिकवा. देठाला तीन-तीन पानं, चकचकीत, शरद ऋतूत लाल. आपल्याकडे बिब्बा उततो ना, तसंच हे उततं, आणि ते योगायोगानं नाही. बिब्बा, आंबा, काजू आणि हे झुडूप एकाच कुळातलं. पानांच्या तेलानं फोड येतात. स्पर्श झालाच तर साबणानं लगेच, भरपूर पाण्यानं धुवा आणि कपडेही वेगळे ठेवा. गवतातून चालून आल्यावर अंगावर गोचीड शोधा, विशेषतः गुडघ्यामागे आणि कानामागे.

शेकोटी

लाकूड घरून नेऊ नका आणि जंगलातलं उचलू नका. लाकडातून किडे आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात. कॅम्प होस्टकडे (कॅम्पग्राउंडवरच राहून देखरेख करणारा माणूस) किंवा जवळच्या दुकानात मोळी विकत मिळते. वणव्याच्या मोसमात शेकोटीवर पूर्ण बंदी येऊ शकते, कधी कोळशावरही, म्हणून निघायच्या सकाळी पार्काचं पान पुन्हा बघा आणि वांग्याशिवायचा बेत हाताशी ठेवा.

विझवताना पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. हाताचा मागचा भाग राखेजवळ न्या. ऊब लागली तर अजून पाणी. बिग बेसिनची काळी खोडं ज्यानं एकदा पाहिली, त्याला हे पुन्हा सांगावं लागत नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. अंताक्षरी जरूर रंगवा, आम्हीही रंगवतो, पण साडेनऊला शेवटचं गाणं आणि स्पीकर घरी. दहानंतर आपण गप्प बसलो की झाडांवरून टपकणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो, एखादं घुबड, लांबवर समुद्र. मुलं तो ऐकत झोपतात.

आई-बाबा बरोबर असतील तर

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना न्यावं का, असं लोक विचारतात. न्या. पण जमिनीवरून उठणं त्यांना जड जातं, तेव्हा घडीची खाट घ्या आणि तिच्यावरही मॅट घाला, नाहीतर खालून गार हवा लागते. हाताची खुर्ची, उजेड असलेली पायवाट, टॉयलेटजवळची साइट. आईसाठी झाकणाची बाटली आठवणीनं ठेवा, टॉयलेटमध्ये फक्त कागद असतो. टेंटमध्ये झोपणं अजिबातच शक्य नसेल तर केबिन किंवा युर्ट (गोल, पक्क्या तंबूसारखी खोली) मिळतात. सॅम्युएल पी. टेलरला केबिन आहेत, आणि गिलरॉयजवळच्या माउंट मॅडोना या काउंटी पार्कात युर्ट. सासूबाईंना आम्ही तिथं नेलं. पहाटे साडेपाचला त्या शाल पांघरून बाहेर खुर्चीत बसलेल्या होत्या, हातात जपमाळ, समोर धुक्यात उभी रेडवुड्स. आम्ही चहा केला आणि कुणी काही बोललं नाही.

परतताना

साइट सहसा बाराच्या आत सोडायची असते. दहाला आवरायला घ्या. टेंट बहुधा दवानं ओला असतो. तसाच गुंडाळून आणला तरी चालेल, पण घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये पसरून वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशीचे ठिपके येतात आणि तो वास जात नाही.

सगळं सामान एका मोठ्या प्लास्टिकच्या खोक्यात भरा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा आणि त्याच संध्याकाळी त्यावर लिहा: काय कमी पडलं, काय नेलं आणि उघडलंच नाही. आमच्या कागदावर पहिल्या ओळीत अजून तेच आहे, माझ्या बायकोच्या अक्षरात: चादरी नकोत, बॅगा चार, मॅट चार, टोप्या.